नॅशव्हिलचा गोष्टीवेल्हाळ

२००२ मध्ये नोरा जोन्सचा 'कम अवे विथ मी' हा पहिला अल्बम आला. पुढच्या वर्षी ग्रॅमी सोहळ्यात तिने ओंजळ भरून पारितोषिकं नेली आणि पंडित रविशंकरांची मुलगी म्हणून आपल्याकडेही तिचं भरपूर कौतुक झालं. त्या अल्बममध्ये 'टर्न मी ऑन' नावाचं एक संथ, जरासं आळसावलेलं गाणं आहे. ऐकणाऱ्याला वाटावं, न्यूयॉर्कच्या एखाद्या धुरकट जाझ क्लबात ते जन्मलं असेल. पण ते लिहिलं आहे नॅशव्हिलच्या एका कंट्री गीतकाराने, आणि ते पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं १९६१ मध्ये मार्क डिनिंगने. हा डिनिंग म्हणजे रुळांवर अडकलेल्या मोटारीकडे परत धावत गेलेल्या आणि आगगाडीखाली सापडलेल्या प्रेयसीचं 'टीन एंजल' हे रडकं गाणं गाऊन गाजलेला गायक. त्याच्यानंतर नीना सिमोनने ते गायलं आणि मग ते नोराच्या हाती आलं.

त्या गीतकाराचं नाव जॉन डी. लाउडरमिल्क. १९५६ पासून पुढची पंधरा वर्षं अमेरिकेत रेडिओ लावला की त्याचं काही ना काही कानावर पडायचंच. मात्र ते दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात. एव्हरली ब्रदर्स, एडी कॉक्रन, जॉनी कॅश, मारिअन फेथफुल, एडी आर्नल्ड ही त्यातली ठळक नावं. या सगळ्या काळात लाउडरमिल्क स्वतःही गात होता, आरसीएसारख्या बड्या कंपनीसाठी अल्बम काढत होता. ते अल्बम फारसे खपले नाहीत. त्यातल्या एकाचं नाव 'जॉन डी. लाउडरमिल्क सिंग्ज अ बिझार कलेक्शन ऑफ द मोस्ट अनयूज्वल साँग्ज'. म्हणजे कंपनीनेच तबकडीच्या वेष्टनावर कबूल केलं होतं की आतला माल जरा चमत्कारिक आहे. हा चमत्कारिक मालच या लेखाचा विषय.

लाउडरमिल्कचा जन्म ३१ मार्च १९३४ चा, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅमचा. डरहॅम म्हणजे तंबाखूचं शहर. बुल डरहॅम तंबाखू इथली, सिगारेटचे मोठमोठे कारखाने इथले, आणि हवेला वाळत्या पानांचा वास. वडील सुतार होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पोराला पहिलं वाद्य त्यांनीच करून दिलं, सिगारच्या रिकाम्या खोक्याचं युकुलेली. घरचा धर्म साल्व्हेशन आर्मीचा. या पंथाची मंडळी १८८२ मध्ये मुंबईत उतरली आणि आपल्याकडे 'मुक्तिफौज' म्हणून ओळखली जाऊ लागली. भर चौकात बँड वाजवून, गाणी म्हणून देवाकडे बोलावणं ही त्यांची रीत. अशा घरात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट लवकर कळत असावी: रस्त्याने जाणारा माणूस थांबवायचा असेल तर पहिल्या दोन ओळींतच त्याला पकडावं लागतं.

गाणं रक्तातही होतं. 'लूव्हिन ब्रदर्स' म्हणून कंट्री संगीतात अजरामर झालेले आयरा आणि चार्ली हे त्याचे चुलतभाऊ. त्यांचंही मूळ आडनाव लाउडरमिल्कच. व्यवसायासाठी त्यांनी ते आटोपशीर केलं. जॉनने मात्र ते लांबलचक आडनाव तसंच ठेवलं, एका छोट्या अपवादासह. तो पुढे येईलच.

विशीत तो डरहॅमच्या डब्ल्यूटीव्हीडी या टीव्ही केंद्रात चित्रकार म्हणून कामाला होता. पाट्या रंगवणं, अक्षरं काढणं हे काम. त्याने एक कविता केली, तिला चाल लावली आणि मालकांच्या परवानगीने ती पडद्यावर म्हटली. 'अ रोझ अँड अ बेबी रूथ' हे ते गाणं. भांडण झालेल्या प्रेयसीची समजूत घालायला निघालेला शाळकरी पोरगा तिला देणार काय, तर एक गुलाब आणि एक बेबी रूथ. बेबी रूथ म्हणजे शेंगदाणे आणि कॅरामल घातलेली, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी चॉकलेटची स्वस्त कांडी. खिशात तेवढेच पैसे! चॅपल हिलच्या विद्यापीठात शिकणाऱ्या जॉर्ज हॅमिल्टन चौथा या तरुणाने १९५६ मध्ये ते 'कलोनिअल' या तिथल्याच छोट्या कंपनीसाठी गायलं. एबीसी-पॅरामाउंटने ते उचललं आणि गाणं बिलबोर्डच्या यादीत सहाव्या क्रमांकावर जाऊन बसलं.

या पहिल्याच गाण्यात लाउडरमिल्कचं सगळं कसब दिसतं. प्रेमगीतात गुलाब कुणीही घालेल. शेजारी ती कांडी ठेवली की गाण्यातल्या पोराला वय येतं, गाव येतं, खिशाची अवस्था येते. पुढच्या सगळ्या गाण्यांत त्याने हेच केलं. प्रेम, विरह, मत्सर या नेहमीच्याच गोष्टी, पण प्रत्येकीच्या कडेला एक विचित्र, हाताला लागेल अशी वस्तू ठेवलेली.

दुसरं गाणं त्याने स्वतः गायलं. तेव्हा त्याने जॉनी डी हे नाव घेतलं, वर सांगितलेला अपवाद तो हा. १९५७ च्या 'सिटिन इन द बाल्कनी'मध्ये एक मुलगा आपल्या मैत्रिणीला घेऊन सिनेमागृहाच्या बाल्कनीत अगदी मागच्या रांगेत बसला आहे आणि पडद्यावर काय चाललंय याचं त्याला काहीही देणंघेणं नाही. आपल्याकडच्या एकपडदा चित्रपटगृहांची ज्यांना आठवण आहे, त्यांना अधिक सांगायला नको. जॉनी डीची तबकडी ३८ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. तेच गाणं एडी कॉक्रनने गायलं आणि १८ व्या क्रमांकापर्यंत नेलं.

दोन्ही तबकड्या पाठोपाठ ऐकाव्यात. कॉक्रनचा आवाज दाटलेला, श्वास जवळ आलेला, प्रेस्लीच्या वळणाचा. हा मुलगा देखणा आहे आणि त्याला ते माहीत आहे. जॉनी डीचा मुलगा मात्र स्वतःच्या नशिबावर खूश होऊन मनातल्या मनात हसतो आहे. त्याच्या जागी आपण असतो तर असेच हसलो असतो. गाणं विकायला कॉक्रन हवा, हे खरंच. गाण्यातली गोष्ट कळायला मात्र लेखकाचाच आवाज लागतो. लाउडरमिल्कच्या जवळजवळ प्रत्येक गाण्याच्या बाबतीत हा अनुभव येतो.

लवकरच तो नॅशव्हिलला गेला. तेव्हाचं नॅशव्हिल हा एक गाण्यांचा कारखाना होता. गाणी लिहिणारे वेगळे, गाणारे वेगळे. मधे संगीत प्रकाशक. गीतकार साध्या गिटारवर गाणं म्हणून त्याची नमुन्याची ध्वनिफीत करायचा, त्या व्यवसायात तिला 'डेमो' म्हणत. प्रकाशक ती फीत गायकांच्या आणि निर्मात्यांच्या दारोदार नेत असे. सीडरवुड आणि अकफ-रोझ ही त्यातली मोठी नावं. अकफ-रोझची तर 'हिकरी' नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनीही होती, त्यामुळे गाणं घरातल्या घरात गायिकेपर्यंत पोहोचायचं. दुसरीकडे आरसीएच्या स्टुडिओत चेट अॅटकिन्स हा असामान्य गिटारवादक निर्माता म्हणून बसला होता. कंट्रीतली किरकिरती फिडल आणि स्टील गिटार मागे सारून तो व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस पुढे आणत होता. शहरी, पॉप ऐकणाऱ्या श्रोत्याला रुचेल असा हा 'नॅशव्हिल साउंड'. खेड्यातल्या गोष्टी शहरातल्या रेडिओवर पोहोचवण्याचा रस्ता त्यामुळे खुला झाला आणि लाउडरमिल्क त्या रस्त्याने सुसाट निघाला.

१९५९ मध्ये मेरिजॉन विल्किनबरोबर त्याने 'वॉटर्लू' लिहिलं. आदम, नेपोलियन आणि लोकगीतातला फाशी गेलेला टॉम डूली अशा तिघांना एका माळेत ओवून प्रत्येकाचा वॉटर्लू कधी ना कधी येतोच, असं सांगणारं हे गाणं. प्रेमभंगाच्या गाण्यात बायबल आणि युरोपचा इतिहास! स्टोनवॉल जॅक्सनने ते गायलं, कंट्रीच्या यादीत ते पाच आठवडे पहिलं होतं आणि पॉपच्या यादीतही चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं.

मग सू थॉम्प्सन. हिकरीची ही गायिका कोवळ्या, शाळकरी आवाजात गायची. प्रत्यक्षात तिचा जन्म १९२५ चा, म्हणजे १९६१ मध्ये 'सॅड मूव्हीज'मधली फसवली गेलेली किशोरी तिने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गायली. या गाण्यातली मुलगी एकटीच सिनेमाला जाते, कारण मित्राने काम असल्याचं सांगितलं आहे. अंधारात तोच मित्र येतो, तिच्याच जिवलग मैत्रिणीबरोबर, आणि पुढच्या खुर्च्यांवर बसतो. रडत घरी आलेल्या मुलीला आई कारण विचारते, तेव्हा ती सगळा दोष दुःखी सिनेमांवर ढकलते. तीन मिनिटांत एक पूर्ण लघुकथा, तीही शेवटी खोटं बोलून संपणारी. गाणं पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यानंतरचं 'नॉर्मन' तिसऱ्या क्रमांकापर्यंत. नॉर्मन हे काही प्रेमगीतात शोभणारं नाव नव्हे, आपल्याकडे एखाद्या भावगीताच्या ध्रुवपदात 'दत्तात्रय' यावा तसं. लाउडरमिल्कला हे पुरेपूर ठाऊक होतं. ते नाव त्याने गाण्यात इतक्या वेळा घोळवलं की श्रोत्याच्या डोक्यातून ते दिवसभर जाईना.

एव्हरली ब्रदर्सचं 'एबनी आइज' मात्र वेगळ्या जातीचं आहे. सैन्यातला तरुण विमानतळावर वाग्दत्त वधूची वाट बघतो आहे, विमान येत नाही, आणि ध्वनिक्षेपकावरून आप्तांना बोलावलं जातं. १९६१ चं हे गाणं अमेरिकेत आठवं आलं आणि इंग्लंडमध्ये 'वॉक राइट बॅक'च्या जोडीने पहिलं. मधल्या भागात गाणं थांबतं आणि नुसतं बोलणं सुरू होतं. आज ऐकताना ते बोलणं जरा जास्तच साखरेचं वाटतं. पण मरणाची किशोरगीतं तेव्हा धो धो चालत होती आणि लाउडरमिल्क हा काही बाजाराकडे पाठ फिरवून बसलेला कवी नव्हता.

आता त्याच्या स्वतःच्या तबकड्यांकडे येऊ. १९६१ च्या 'लँग्वेज ऑफ लव्ह'ने त्याला गायक म्हणून सर्वांत मोठं यश दिलं, अमेरिकेत ३२ वा आणि इंग्लंडमध्ये १३ वा क्रमांक. पुढच्या वर्षी 'ट्वेल्व्ह साइड्स ऑफ जॉन डी. लाउडरमिल्क' हा अल्बम आला. त्याच सुमारास 'कॉलिंग डॉक्टर केसी' निघालं, ज्यात प्रेमभंगाने हैराण झालेला माणूस चक्क टीव्ही मालिकेतल्या डॉक्टरला हाक मारतो. 'बेन केसी' ही रुग्णालयाची मालिका तेव्हा घरोघर बघितली जात होती.

या तबकड्यांवरचा आवाज मोठा नाही. मध्यम पट्टीचा, कोरडा, जवळ बसून बोलल्यासारखा. ताना नाहीत, गळा काढणं नाही. विनोदी ओळ आली की सामान्य गायक तिथे डोळा मारतो. लाउडरमिल्क तसं करत नाही. चेहरा कोरा ठेवून पुढे जातो आणि श्रोत्याला अर्ध्या क्षणाने कळतं की मघाशी आपली फिरकी घेतली गेली. 'बॅड न्यूज' हे त्याचं उत्तम उदाहरण. जिथे जाईल तिथे वाईट बातमी ठरणारा, फाशीच्या दोरालाही न बधलेला एक बढाईखोर गाण्यात फुशारक्या मारतो. जॉनी कॅशने १९६४ मध्ये ते गायलं आणि कॅशच्या खर्जातून तो माणूस खरोखर धोकादायक वाटू लागला. लाउडरमिल्कच्या तोंडी तोच माणूस गुत्त्यावर बसून थापा मारणारा वाटतो. मला लेखकाचा माणूस अधिक पटतो.

'अँजेला जोन्स'चंही तसंच. शाळेतल्या मुलीवर भाळलेल्या मुलाचं हे गाणं इंग्लंडमध्ये मायकल कॉक्सने गाजवलं, १९६० मध्ये, जो मीकसारख्या विक्षिप्त निर्मात्याच्या 'ट्रायम्फ' कंपनीसाठी. मीकने त्यात आपली नेहमीची चकाकी भरली. लाउडरमिल्कच्या आवृत्तीत चकाकी नाही, आणि त्यामुळेच शाळेच्या व्हरांड्यातली ती घालमेल जास्त ऐकू येते. 'गूगल आय' हे तर माशावरचं गाणं आहे. त्या नावाची संगणक कंपनी निघायला अजून तीन दशकांहून अधिक काळ होता, हे तरुण वाचकांना सांगितलेलं बरं.

पण सर्वांत शिकवून जाते ती 'टोबॅको रोड'ची कथा. डरहॅममधल्या एका बदनाम, गरीब वस्तीवर बेतलेलं हे गाणं लाउडरमिल्कने १९६० मध्ये कोलंबिया कंपनीसाठी स्वतः गायलं. गाण्यातला माणूस उकिरड्यात जन्मलेला आहे, आई गेली, बाप दारुडा. त्याला पैसे कमवून परत यायचं आहे, सुरुंग लावून ती सगळी वस्ती उडवून द्यायची आहे आणि तिथेच ती नव्याने बांधायची आहे, कारण काही झालं तरी ते घर आहे. कुटुंबाचा तपशील रचलेला, कारण लाउडरमिल्कचं स्वतःचं घर देवभीरू होतं. रस्ता आणि राग मात्र खरे. मूळ तबकडीत गिटारवर एक सपाट, लोकगीताच्या ढंगाची चाल आहे आणि आवाज अजिबात चढत नाही. ती अमेरिकेत पडली.

चार वर्षांनी ती तबकडी इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या पोरांच्या हाती लागली. त्यांच्या बँडचं नाव नॅशव्हिल टीन्स, आणि नॅशव्हिलशी त्यांचा संबंध एवढाच की हे नाव एव्हरली ब्रदर्सच्या एका गाण्यावरून सुचलं होतं. मिकी मोस्टच्या निर्मितीखाली त्यांनी गिटार आणि पियानोचा धडाका लावून, दोन गायकांना ओरडायला लावून ते गाणं केलं. इंग्लंडमध्ये सहावं, अमेरिकेत चौदावं. त्यानंतर जेफरसन एअरप्लेन, एडगर विंटर, एरिक बर्डन, १९८६ मध्ये डेव्हिड ली रॉथ, प्रत्येकाने ते आणखी मोठ्याने गायलं. सुरुंगाची ओळ आली की सगळे सुरुंग लावतात. लाउडरमिल्क ती ओळ किराणा आणायला निघाल्यासारखी म्हणून टाकतो, आणि अंगावर काटा येतो तो तिथे. हा माणूस नुसतं बोलत नाही, तो खरंच हे करेल अशी खात्री वाटते.

थापांची त्याची हौस गाण्यांपुरती उरली नाही. १९५९ मध्ये मार्विन रेनवॉटरने 'द पेल फेस्ड इंडियन' म्हणून गायलेलं त्याचं गाणं पुढे 'इंडियन रिझर्व्हेशन' या नावाने डॉन फार्डनने गायलं आणि १९७१ मध्ये रेडर्स या बँडने ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. केसी केसम याच्या 'अमेरिकन टॉप फॉर्टी' या रेडिओ कार्यक्रमाला या गाण्यामागची हकिगत हवी होती. लाउडरमिल्कने ती सांगितली: आपण हिमवादळात अडकलो, चेरोकींनी आपल्याला पकडलं आणि आपली व्यथा गाण्यातून मांडशील तर सोडू, अशी अट घातली. कार्यक्रमाने ती देशभर ऐकवली. त्यात तथ्याचा लवलेशही नव्हता, हे पुढे त्यानेच मान्य केलं.

गंमत बाजूला ठेवली तर या गाण्यात एक खोट आहे. चेरोकींना १८३८ च्या सुमारास त्यांच्या भूमीतून सक्तीने हाकलण्यात आलं आणि त्या वाटेवर हजारो माणसं मेली, हा इतिहास भीषणच. पण गाण्यात येणारी तंबूतली राहणी चेरोकींची नव्हे, ती पश्चिमेकडच्या मैदानी जमातींची. चेरोकी पक्क्या घरांत राहत, सेक्वोयाने घडवलेली त्यांची स्वतःची लिपी होती आणि १८२८ पासून त्यांचं वर्तमानपत्रही निघत होतं. वस्तूंवर इतकं बारीक लक्ष असलेल्या गीतकाराने इथे मात्र सिनेमातल्या वस्तू उचलल्या. डरहॅमच्या गल्लीबद्दल लिहिताना तो चुकला नसता.

आरसीएसाठी तो साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत अल्बम करत राहिला. १९६७ च्या 'सबर्बन अॅटिट्यूड्स इन कंट्री व्हर्स'ला ग्रॅमी मिळालं, पण गाण्यांसाठी नव्हे. वेष्टनाच्या मागच्या बाजूला त्याने जो मजकूर लिहिला होता, त्यासाठी मिळालं. त्याच्या गायनाची याहून मार्मिक समीक्षा दुसऱ्या कुणी केली नसेल. १९७१ मध्ये वॉर्नर ब्रदर्सकडून 'एलोरी' आला आणि त्यानंतर त्याने हळूहळू धंद्यातून अंग काढून घेतलं. लोकसंगीताच्या अभ्यासात तो रमला. १९७६ मध्ये नॅशव्हिलच्या गीतकारांच्या मानवृंदात त्याचं नाव कोरलं गेलं. २१ सप्टेंबर २०१६ रोजी टेनेसीतल्या क्रिस्टियाना इथे, वयाच्या ८२ व्या वर्षी तो गेला.

त्याच्या तबकड्या पुष्कळ काळ जुन्या बाजारातच मिळायच्या. मग बेअर फॅमिली या जर्मन कंपनीने त्या सीडीवर आणल्या. जुनं अमेरिकन संगीत जपण्याचं काम जर्मनांनी अमेरिकनांपेक्षा निष्ठेने केलं आहे, त्याचा हा आणखी एक नमुना. आता इंटरनेटवरही बरंच सापडतं. सगळंच ऐकण्यासारखं आहे असं नाही. नवरा-बायकोच्या कुरबुरीवरची त्याची काही गाणी आज शिळी लागतात आणि मागे उगाच 'ऊ-आ' करणारा कोरस अधूनमधून वैताग आणतो. नवख्याने 'टोबॅको रोड'च्या १९६० च्या आवृत्तीने सुरुवात करावी, मग 'बॅड न्यूज', मग 'अँजेला जोन्स'. 'गूगल आय' जेवण झाल्यावर, घरातल्या लहान मुलांना बरोबर घेऊन.